पिल्लाची शिफ्ट

माझं माहेर सेलूकडचं, परभणी जिल्हा. बाप जिनिंगमध्ये हमाल होता, कापसाच्या गाठी वाहायचा. घरात घड्याळ नव्हतं, पण जिनिंगचा भोंगा होता, भोंगा झाला की आई तवा ठेवायची, भोंगा झाला की आम्ही शाळेला निघायचो. दोन शेळ्या होत्या, त्यांनाही कळायचं ताई, भोंगा झाला की दावं ओढायला लागायच्या, आता सोडणार म्हणून. जनावराला एकदा वेळ लावून दिली की ते पाळतं, माणसाहून जास्त पाळतं, हे मला तवापासून ठाऊक. शाळा सातवीपर्यंत झाली, मग लग्न झालं अन् इकडं थेरगावला आले. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली असतील, मी मोजायचं सोडून दिलंय.

मी चाकणला कंपनीत आहे. म्हणजे कंपनीत नाही, ठेकेदाराकडं आहे, पण लोकांना आपण कंपनीतच सांगतो. गाड्यांच्या वायरी बांधायचं काम. लांब बोर्ड फिरत येतो, पुढं आला की आपली लाल वायर लावायची, टेप मारायची, तोवर दुसरा बोर्ड येतो. दिवसभर उभं राहून. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. पहिलीला पहाटे पावणेपाचला घर सोडायचं, डांगे चौकात कंपनीची बस, दुपारी चारला घरी. दुसरीला दुपारी एकला निघायचं अन् यायला बारा वाजून जातात. आमचे हे तिकडंच एका गोडाऊनवर वॉचमन आहेत, बारा तासांची ड्युटी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. मी पहिलीला असले की हे रातपाळीला असतात, मी दुसरीला असले की हे दिवसपाळीला. नवराबायको एका घरात राहतो, पण खरं सांगू का, एकमेकांच्या अंथरुणात राहतो, ते उठले की मी पडते, मी उठले की ते पडतात. भाजी कशी झाली हे मला दुसऱ्या दिवशी कळतं.

लेकरू झालं नाही. दवाखाने झाले, अंगारे झाले, सासू बोलून बोलून थकली अन् गेली. असू द्या, ते आता सांगत नाही.

तर गुढीपाडवा झाला अन् चार-पाच दिवसांनी मी चारला घरी आले, बघते तर हे हातात पिल्लू घेऊन बसलेले. गोडाऊनच्या आवारात कुत्री व्याली होती, ती ट्रेलरखाली आली, पिल्लं कोणी कोणी नेली, हे एक उरलं. भुरं, पोट तेवढं मोठं, पाय काड्या. मी म्हणलं, अहो काय आणलंत हे, आपणच इथं पाहुण्यावानी राहतो, याला कोण बघणार? हे म्हणले, दोघांपैकी एक जण तर घरात असतोच की. ताई, त्या माणसाच्या तोंडावर मी किती वर्षांनी हसू पाहिलं. भुऱ्या नाव ठेवलं.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, एकच. खाली घरमालकीण राहते, काकू म्हणतो आम्ही. इथल्या जुन्या गाववाल्या, एके काळी सगळी शेती होती, आता चाळ आहे. काकू तोंडानं फटकळ. जिन्यात पिल्लू बघितलं अन् म्हणल्या, ए सुमन, हे काय हाय? म्हणलं काकू, लहान आहे. म्हणल्या, लहान हाय ते दिसतंय, मुततंय कुठं ते सांग. आमी फरशा नव्या बसवल्यात.

म्हणलं शिकवते. अन् खरंच शिकवलं मी. पहिली शिफ्ट होती. पहाटे उठले की आधी त्याला उचलून खाली न्यायचं, मागं भिंतीकडंला मातीचा एक पट्टा आहे, तिथं सोडायचं अन् तोंडानं शूऽ शूऽ करायचं. लेकरांना करतात तसं. हसू नका ताई, माझ्या तोंडून तो आवाज बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा निघाला. इकडंतिकडं कोणी नाही ना बघून करायची. त्यानं केलं की बिस्किटाचा तुकडा. साडेनऊला हे रातपाळीवरून आले की ते न्यायचे, चारला मी आले की मी न्यायची. चौथ्या दिवशी, खोटं नाही सांगत, चारला मी जिना चढले तर ते दाराच्या आत कान टवकारून उभं, फरशी कोरडी ठाक. दार उघडलं तसं धावत खाली, मातीवर, काम केलं अन् माझ्याकडं बघितलं, बिस्कीट दे म्हणून. काकू ओट्यावरून बघत होत्या. म्हणल्या, व्हय गं, हुशार हाय की.

अन् सोमवारी शिफ्ट बदलली.

आता त्याला काय माहीत सोमवार म्हणजे काय. त्याला चार माहीत. मी एकला गेले, हे दिवसपाळीला, ते यायचे रात्री साडेनऊला. काकूंनी मला सगळं सांगितलं नंतर. बरोबर चारला ते दाराशी आलं, रडलं, दार खरवडलं, लई वेळ दम धरला म्हणे त्यानं, पाच वाजून गेले तरी रडतच होतं, अन् मग सोडलं. ते मूत दाराखालून गेलं बाहेर, जिन्याच्या कडेवरून थेंब थेंब खाली. खालच्या पायऱ्यांशी काकूंनी जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातलेल्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून केलेल्या कुरडया. त्यांच्या लेकी-सुनांच्या वर्षभराच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. ओरडल्या नाहीत, त्याचंच मला भ्या वाटलं. म्हणल्या, सुमन, आखितीला आमच्याकडं पितरं जेवायला असत्यात. सगळं भावकीचं माणूस येतं. तवर शिकलं तर ऱ्हाऊ दे. न्हाई शिकलं तर त्याला सोडून यायचं, न्हाई तर तुमी दुसरी खोली बघा. मी म्हणलं, बरोबर आहे काकू तुमचं. बरोबरच होतं त्यांचं. आखितीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, दोन-अडीच आठवडे होते.

हे म्हणले, एखाद्या आठवड्यात लागेल सवय. लागली की! त्या आठवड्याच्या शेवटी त्याला एक अन् साडेनऊ कळायला लागलं, अन् सोमवारी परत पहिली शिफ्ट. परत सगळं पुसलं. पाटीवर लिहायचं अन् पुसायचं, लिहायचं अन् पुसायचं, ते बिचारं शिकत होतं हो, आम्हीच शिकू देईना.

म्हणून मी सुपरवायझरकडं गेले. इतक्या वर्षांत कधी काही मागायला गेले नव्हते. म्हणलं सर, एक महिना मला फिक्स पहिली शिफ्ट द्या. म्हणले कामून, घरी कोणी आजारी आहे का? आता माझं चुकलं बगा, खोटं बोलायला पाहिजे होतं, सासू आजारी म्हणायला पाहिजे होतं, मेलेल्या सासूला काय फरक पडला असता. पण मी खरं सांगितलं. सर एवढ्या जोरात हसले की लाइनवरच्या पोरींनी माना वळवल्या. म्हणले, मावशी, मागच्या वर्षी ती कविता अंगावरचं लेकरू आहे म्हणून शिफ्ट मागत होती, तिला नाही दिली अन् तुमच्या कुत्र्याला देऊ? बरोबर बोलले. तेच तर. कविताला दिली असती तर मलाही मागायची लाज वाटली नसती. पोरी मग दोन दिवस मला चिडवायच्या, मावशी, भुऱ्याचं पंचिंग झालं का, भुऱ्याला ओव्हरटाइम लागला का. मीही हसले. न हसून काय करता.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या लाइनला चाळीस बाया. लाइनच्या टोकाला खिळ्याला एक पिवळं कार्ड टांगलेलं असतं, ते गळ्यात घालायचं अन् मग बाथरूमला जायचं. कार्ड एकच. एक आली की दुसरी. अन् तुमच्या जागी उभं राहायला कोणी मोकळं असेल तरच, नाहीतर बोर्ड पुढं जातो, वायर राहते, सगळ्या लाइनसमोर नाव घेतात. म्हणून आम्ही काय करतो, पाणीच पीत नाही. शिफ्टच्या दोन तास आधीपासून बंद. नवी पोर आली की जुन्या बाया तिला आधी हेच शिकवतात, वायर नंतर. मला पण असंच शिकवलं होतं, पहिल्या दिवशी. लघवीला आग होते, कंबर धरते, दवाखान्यात डॉक्टर म्हणतात पाणी प्या, आपण हो म्हणायचं. सवय होते.

मग मी विचार केला, मला जमतं तर त्याला का नाही जमणार.

चौथा आठवडा, दुसरी शिफ्ट. आखिती चार-सहा दिवसांवर आलेली. मी सकाळी त्याला थोडं दूध-पोळी द्यायची, घोटभर पाणी, अन् अकरा वाजता वाटी उचलून वर मांडणीवर ठेवायची. ह्यांना सांगून ठेवलं, रात्री आलात तरी अर्धीच वाटी द्या, नाहीतर घाण करतं. ते म्हणले, उन्हाचे दिवस आहेत गं. म्हणलं, मला नका शिकवू, मी आठ-आठ तास राहते. खोलीला वर स्लॅब आहे, एप्रिलात तो दुपारी चुलीवानी तापतो. मी खिडकी उघडी ठेवायची, पंखा चालू ठेवायची. आपल्याकडून कमी नको म्हणून.

अन् काय सांगू तुम्हाला, जमलं. पहिल्या दिवशी फरशी कोरडी, दुसऱ्या दिवशी कोरडी, तिसऱ्या दिवशी कोरडी. चारला रडणंही बंद झालं. काकू मला जिन्यात थांबवून म्हणल्या, शिकलं गं तुझं पोरगं. पोरगं म्हणल्या त्या. मी कंपनीत गेले तर पोरींना सांगितलं, शिकला माझा भुऱ्या. टाळ्या वाजवल्या त्यांनी. लाल वायर लावताना मी गाणं म्हणत होते म्हणे, मला नाही आठवत.

शनिवारी सकाळी मी उठले, त्याला खाली न्यायला उचललं, तर मान पडली. डोळे आत गेलेले, नाक वाळलेलं. वाटी पुढं केली तर जीभ लावली अन् सोडून दिली. हे ड्युटीवर गेलेले. मी तशीच रिक्षा केली अन् जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, तुमच्याएवढेच. कातडी चिमटीत धरून बघितली, ती तशीच उभी राहिली. म्हणले, बाई, याला पाणी देत नव्हता का? म्हणलं, शी-सू शिकवत होते. म्हणले, पाणी तोडून? असं कोण करतं? मी म्हणलं, आम्ही करतो. त्यांना वाटलं मी उलटून बोलले. मी उलटून नव्हते बोलले ताई, त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.

सलाईन लावलं. दुपारी दोनच्या सुमाराला, लाइन सुरू व्हायच्या वेळेला, गेलं ते. जाताना टेबलावर थोडं ओलं केलं त्यानं, अन् मी येडी, मी तोंडानं शूऽ शूऽ केलं.

त्या दिवशीचा खाडा पडला. ह्यांनी रात्री आल्यावर पवना नदीच्या कडंला खड्डा करून ठेवलं त्याला. आता परत आम्ही पहिल्यावानीच, ते उठले की मी पडते.

काकूंना कळलं तर वर आल्या, कधी येत नाहीत, गुडघे दुखतात त्यांचे. चौकटीला धरून उभ्या राहिल्या अन् म्हणल्या, अगं मुतलं असतं तर काय झालं असतं गं? एक बादली पाणी वतलं असतं. मी म्हणलं, काकू, हे तुम्ही आधी का नाही बोललात? म्हणल्या, मालकिणीनं बोलायची रीत असती, म्हणून बोलले, तू एवढं मनावर घेशील असं वाटलं व्हतं व्हय? अन् रडायला लागल्या. मला नाही आलं रडू. कुणाला दोष द्यावा कळत नाही. वाटी मीच उचलली ना. सरांनी नाही उचलली, काकूंनी नाही उचलली, ह्या हातानं मी उचलली. पण उचलायची हे मला कुठं शिकवलं, ते तुम्ही लिहा. तुम्हाला लिहिता येतं.

मला वाटलं होतं, आता आपण तरी पाणी प्यायचं. पहिल्या दिवशी बाटलीभर प्याले, कार्ड मागितलं, तासाभरानं परत मागितलं. सरांनी घड्याळ बघितलं, अन् माझ्या मागच्या दोन बाया कार्डासाठी अंग आखडून उभ्या राहिल्या, त्यांचं माझ्यामुळं अडलं. तिसऱ्या दिवशी मी बाटली घरी ठेवली.

अन् ह्या सोमवारी एक नवी पोर आली, हिंगोलीकडची, लग्न होऊन महिना झालेला, हातावर मेंदी. माझ्याच शेजारी उभी केली. म्हणली, मावशी, इथं पाणी कुठं असतं प्यायचं? मी तिच्याकडं बघितलं. मला सगळं बोलायचं होतं ताई, तोंडापर्यंत आलं होतं, बोर्ड समोर आला, मी वायर लावली, टेप मारली, अन् म्हणलं, कोपऱ्यात आहे, पण लई पिऊ नकोस, बाई, आता नको, सुटल्यावर पी.

माझ्याच तोंडानं म्हणलं.

चला, मला निघायला पाहिजे, एक वाजत आले, बस थांबत नाही. तुम्ही एवढ्या उन्हात आलात, बसून ऐकून घेतलं, देव तुमचं भलं करो. आधी हा तांब्या घ्या. नाही नाही, सगळा प्या, माझ्यासमोर प्या, अन् मग जा.