डॉक्टरांच्या गाडीचे इंजिन जाम झाल्याबाबत

दिनांक २१/११/२०११

नाव रुक्माबाई भोजराज टेंभुर्णे, वय ६१ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा घरकाम व शेती, रा. चिचगड, ता. देवरी, जि. गोंदिया.

मी आज सकाळी दहा वाजता कोणी न बोलावता स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात हजर झाले असून जबाब लिहून देते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती भोजराज हे गुरांचे सरकारी डॉक्टर होते. ते दि. १२/१२/२०१० रोजी वारले. आम्हाला संघदीप नावाचा एकच मुलगा असून तो नागपूरला नोकरी करतो. इतवारी मडावी, वय ३६, हा आमच्याच गावचा असून दहा वर्षांपासून आमची गाडी चालवत आला आहे. गाडी चालवायला त्याला माझ्या पतीनेच शिकवले.

सदर गाडी पांढऱ्या रंगाची डिझेल कार आहे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली, म्हणजे १९९९ मध्ये, तिचे पासिंग झाले. आम्ही ती २००१ साली गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याकडून जुनी घेतली. तिला टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरणारा छोटा पंखा, तो इंजिनात जोराने हवा कोंबतो, असे मला पतीने सांगितले होते. तो पंखा फार तापतो. म्हणून कुठेही पोहोचल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटे जागेवर चालू ठेवायची आणि मग चावी फिरवायची, हा त्यांचा नियम होता.

त्या दोन मिनिटांत आम्ही गाडीतून उतरत नसू. घरी पाय ठेवला की कोणाची म्हैस अडली, कोणाच्या बैलाला फऱ्या झाला म्हणून माणसे ओट्यावर बसलेली असत. मग नवरा माझा राहत नसे, गावाचा होत असे. आमचे जे काही बोलणे झाले ते अंगणात, चालू गाडीत, त्या दोन मिनिटांत. इतवारी काचेबाहेर बघत बसे. जबाब लिहून घेणारे हवालदार उदाराम म्हणाले, "बाई, हे जबाबात लागत नाही." मी म्हटले, लागते. हे नाही लिहिले तर पुढचे कोणाला समजणार नाही आणि मी पुन्हा सांगायला येणार नाही.

पती वारल्यानंतर बॅटरी उतरू नये म्हणून इतवारी दर रविवारी येऊन गाडी सुरू करत असे. मीही मागच्या सीटवर जाऊन बसत असे. तो गाडी चालू ठेवून अंगणात लाकडे फोडी. मी बसून राही. मला तेवढाच विसावा होता, हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगत आहे.

ही गाडी तेल पिते. पती दर काही दिवसांनी बोनेट उघडून तेलाची पट्टी ओढत, फडक्याने पुसून पुन्हा बुडवत आणि खुणेच्या खाली आले की डब्यातले तेल वरून घालत. मी दहा वर्षे ते पाहिले आहे. ते गेल्यावर होळीच्या पौर्णिमेला विहारातून वंदना करून आले आणि मी स्वतः पट्टी ओढून पाहिली. तेल खुणेच्या खाली होते. इंजिनच्या तेलाचा डबा रिकामा होता. घरात जवसाचे तेल होते. माझ्या माहेरी बैलबंडीच्या आखाला घरचेच तेल घालत, चाकही कुरकुरत नसे. म्हणून मी गिलासभर जवसाचे तेल इंजिनात घातले. पुढे दर पौर्णिमेला घातले. होळीपासून कोजागिरीपर्यंत आठ पौर्णिमा, आठ गिलास. इतवारीला विचारले असते तर त्याने देवरीहून डबा आणून दिला असता. पण मला ते काम माझ्या हाताने करायचे होते.

पोळ्यानंतर इतवारीला टायफाइड झाला. तो दोन महिने अंथरुणाला होता. त्या काळात गाडी सुरू झाली नाही.

दि. १२/११/२०११ रोजी संघदीप घरी आला. गाडी विकायची, घराला कुलूप लावायचे आणि आईला नागपूरला न्यायचे, असे तो दिवाळीपासून म्हणत होता. इतवारी आजारातून नुकताच उठला होता. तो म्हणाला, "दादा, डॉक्टरसायबाची गाडी विकू नका ना जी." त्यावर संघदीपने त्याला झापले. मग गाडी सुरू करायला गेले तर सेल्फ मारल्यावर नुसता टक असा आवाज आला आणि पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी देवरीचे मिस्त्री यादोराव यांना बोलावले. मी सकाळपासून त्यांच्याजवळ उभी होते. त्यांनी आधी सोबत आणलेली भरलेली बॅटरी जोडून पाहिली. दिवे लख्ख लागत होते. सेल्फ काढून वेगळा फिरवला, तो फिरला. मग त्यांनी समोरचा पट्टा काढला. पट्ट्यावरचा पंप किंवा डायनामो अडकला तरी इंजिन फिरत नाही, असे ते म्हणाले. ते दोन्ही हाताने फिरले. मग खालच्या मोठ्या नटाला पाना लावून, पान्यात लोखंडी पाइप घालून ते आणि संघदीप दोघे लोंबकळले. इंजिन तसूभर हलले नाही. "इंजिन सीज आहे. आता काऊन झालं ते पाहू," असे यादोराव म्हणाले.

सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल म्हणून त्यांनी नोझल काढले. आत पाणी नव्हते. मग टर्बोचा पाइप खोलून आतल्या पंख्याला बोट लावले. हा पंखा फुंकरीने फिरायला पाहिजे, असे ते म्हणाले. तो बोटानेही फिरला नाही. शेवटी त्यांनी गाडीखाली घमेले ठेवून तेलाचा नट काढला. तेल पडलेच नाही. इंजिनखालचे तेलाचे चेंबर खोलल्यावर आतून डिंकासारखा तपकिरी गोळा लोंबला. यादोरावांनी नखाने खरडले तर पापुद्र्यावर पापुद्रा निघाला. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हे इंजिनचं तेल नव्हे. जवस आहे हे."

मी त्याच क्षणी समजले. जवसाचे तेल लाकडी दाराला लावले की वाळून कातडीसारखे घट्ट होते, हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे. दर दिवाळीला मी स्वतः दाराला लावते. तरी आठ महिने डोक्यात उजेड पडला नाही.

मी तोंड उघडणार एवढ्यात संघदीप म्हणाला, "जवस इतवारीच्या शेतात होतो. गाडी विकू नये म्हणून त्यानेच हे केलं." इतवारी तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. आई विहारातून येऊन गाडीत तेल ओतते आणि रविवारी जागेवर उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसते, हे मुलाला कळले असते तर आईचे डोके ठिकाणावर नाही म्हणून त्याने मला त्याच दिवशी नागपूरला नेले असते. मला माझे घर सोडायचे नाही. त्या भीतीपोटी मी गप्प राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण त्यात जीभ दुसऱ्याची चावली गेली.

दि. १४/११/२०११ रोजी संघदीपने इतवारीविरुद्ध नुकसानीची तक्रार दिली. तेव्हापासून इतवारी रोज ठाण्याच्या बाकावर येऊन बसतो. त्याला बिरसीच्या विमानतळावर एका ठेकेदाराकडे गाडी चालवण्याची पक्की नोकरी लागायची आहे. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. या तक्रारीमुळे तो दाखला अडला आहे. ठेकेदाराने शुक्रवारपर्यंतच थांबतो म्हणून सांगितले आहे. हे मला काल त्याची बायको फुलवंता हिने सांगितले. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

आज मी खरे सांगायला आले असता हवालदार उदाराम म्हणाले की आता गरज नाही, इतवारीने शनिवारी कबुली दिली आहे. मी ती वाचून दाखवायला लावली. त्याने कोजागिरीच्या दिवशी पाच लिटर जवसाचे तेल एकदम इंजिनात ओतले, असे त्यात आहे. हे धादांत खोटे आहे. कोजागिरीला तो अंथरुणावर होता, सरकारी दवाखान्याचे कागद फुलवंताजवळ आहेत. आणि एकदम ओतले असते तर पापुद्र्यावर पापुद्रा कुठून आला? यादोराव मिस्त्रींना विचारावे. जवसाच्या तेलाचा डबा आणि नरसाळे मी सोबत आणले असून टेबलावर ठेवले आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा कारभार मला माझ्या गावात नको.

मी बाहेर जाऊन इतवारीला हवालदारांसमक्ष विचारले, "काऊन रे, खोटं काऊन सांगितलं?" तो उभा राहिला व म्हणाला, "बाई, पोळ्याच्या आधीच पट्टीले जवसाचा वास येऊन राहिला होता. म्या म्हटलं, बाईले काही बोलायचं नाही, चुपचाप तेल बदलवून टाकू. तर मलेच ताप आला. दादाले समजलं असतं तर तुमाले नागपूरले घेऊन गेला असता. नोकरी काय, दुसरी पाहीन." मला त्याच्यासमोर रडू आले. मी त्याला म्हटले, तुझ्या डॉक्टरसाहेबांनी तुला गाडी शिकवली, खोटे बोलायला शिकवले नव्हते. तो मान खाली घालून बसला.

माझी मागणी एवढीच की इतवारीचे नाव तक्रारीतून काढावे व त्याचा दाखला शुक्रवारच्या आत द्यावा. गाडी माझ्या पतीच्या नावाची होती, तेल माझ्या घरचे होते, हात माझा होता. संघदीपला मी आज सकाळी फोनवर हे सर्व सांगितले आहे. तो येतो म्हणाला. तो आल्यावर मला कुठे न्यायचे ते मी त्याच्याशी बघून घेईन. त्यात पोलिसांचे काम नाही.

माझा जबाब हवालदार उदाराम यांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात त्यांनी चांगल्या मनाने 'सदरची गोष्ट माझ्याकडून अजाणतेपणी झाली' असे एक वाक्य शेवटी घातले होते. तेल घातले तेवढे अजाणतेपणी. त्यानंतर आठ दिवस मी गप्प राहिले, ते सर्व समजून. ते वाक्य तसे दुरुस्त करून घेतले असून बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. अंगठा नको, मला लिहिता येते, म्हणून खाली सही केली आहे.

रुक्माबाई भोजराज टेंभुर्णे