नटीच्या खुर्चीत

लॉस एंजेलिसच्या सिनेपुरस्कार सोहळ्यात कलाकार मध्येच उठून गेले की त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांत तेवढ्यापुरतं बसायला येसेनिया पहिल्यांदाच आली होती. रांगेत पुढे दोन बायका बोलत होत्या.

"गेल्या वर्षी मी एका नटीच्या खुर्चीत बसले. ती परतलीच नाही, आणि बक्षिसाला तिचंच नाव पुकारलं!"

"अगं बाई! मग?"

"कॅमेरा माझ्यावर. गेले वर, आईचे आभार मानले."

"कुणी अडवलं नाही?"

"टाळ्या वाजवल्या की!"

"टीव्हीवर तरी ओळखलं असेल?"

"आमच्या अख्ख्या गल्लीत कुणी लावलाच नव्हता."

"आणि आजूबाजूची बडी मंडळी?"

"कुठली बडी? शेजारचा कानात म्हणाला, मीही रांगेतलाच."

येसेनियाने मागे पाहिलं. रांग कोपऱ्यापलीकडे गेली होती.

दार उघडलं. रखवालदार म्हणाला, "सगळे या. सगळ्यांना जागा आहे."