विमलबाईचं वय दोन हजार पंचवीस

सगुणा : आनि हे तू ऐरोलीच्या काचेच्या हापिसात शिकलीस? विमलचं वय दोन हजार पंचवीस?

मनस्वी : आजी, हळू बोल. चूक झाली. दुरुस्त करतेय ना.

सगुणा : हळू कशाला? तुज्या बापानं यादी गावाच्या ग्रुपवर टाकली, ती काय हळू टाकली? सकाळपासून गाव खिदळतंय. विमलच्या नातवाला पोरं विचारतात, तुजी आजी खाडी खनायला होती का रं?

मनस्वी : पप्पांनी न वाचताच पुढे पाठवली.

सगुणा : कमिटीचा सेक्रेटरी ना तो, वाचील कशाला! नारळी पुनवेला खाडीच्या नारळाला पहिला हात गावातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा. तेवढ्यासाठी यंत्र लागतं? मना विचारायचं.

मनस्वी : तुला विचारलं की तू तुझंच नाव सांगतेस. म्हणून तर कमिटीने मी केलेल्या गावाच्या ॲपमध्ये शोधायचं ठरवलं.

सगुणा : मग शोधलं ना! काय सापडलं, भूत?

मनस्वी : ऐक तरी. ॲपमध्ये कुणाचंच वय लिहिलेलं नाही, फक्त जन्मसाल आहे. कुणी "सगळ्यात मोठी बाई" असं शोधलं, की त्याच क्षणी माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, एकेकाचं वय मोजते. चालू सालातून जन्मसाल वजा.

सगुणा : दर खेपेला? अख्ख्या गावाचं? एक नाव सांगायला सगळ्यांना उठवून उभं करायचं? एकदाच लिवून ठेव की.

मनस्वी : लिहून ठेवलेलं वय पुढच्या वर्षी खोटं ठरतं.

सगुणा : हं. एवढं एक अकलेचं बोललीस. मग विमलचं काय बिनसलं?

मनस्वी : तिचं साल रिकामं होतं. रिकामं म्हणजे स्क्रिप्टने शून्य धरलं.

सगुणा : आनि दोन हजार पंचवीसातून शून्य गेलं. वा! मी दुसरीतून शाळा सोडली, पन रिकाम्या टोपलीत म्हावरं नाय मोजत. तिच्या आधारवर बघायचं.

मनस्वी : त्यावर नुसतं साल आहे, तेही कॅम्पवाल्याने तिच्या तोंडाकडे बघून टाकलेलं, म्हणून ॲपमध्ये घेतलं नाही. ती शाळेत गेलीच नाही ना.

सगुणा : कुठून जानार? माजी जन्मतारीख तरी एक जून हाय. बाबासो मास्तर सगळ्या पोरांना एक जूनच लिवायचा. पावसाआधी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला!

मनस्वी : झालं. आता सांगितलंय, साल रिकामं असेल तर त्या माणसाला सोडून दे. हे बघ, पहिली तू. पंच्याहत्तर.

सगुणा : दाव, दाव. मोठं कर अक्षर. सगुणा गोटीराम... बरोबर. आता टाक ग्रुपवर. नि विमल कितवी?

मनस्वी : ती नाही यादीत.

सगुणा : नाय म्हंजे? शेवटी असंल.

मनस्वी : शेवटीही नाही. साल नाही, तर वय नाही. वय नाही, तर यादीत नाव नाही.

सगुणा : आनि मेलेल्यांचं काय करतेस?

मनस्वी : त्यांनाही असंच वगळते.

सगुणा : असंच?

मनस्वी : टाकू का ग्रुपवर?

सगुणा : थांब गो. घाई काय लागलीय, नारळ काय पळतोय? ...माजं साल काय लिवलंय?

मनस्वी : पन्नास.

सगुणा : त्यातून आठ कमी कर. ते विमलचं.

मनस्वी : आठ? ती तुझ्याहून मोठी आहे? अगं, तिचे केस बघ, अजून काळे!

सगुणा : केसांना काय कळतंय? आमच्या आया मिठागरात मीठ ओढायच्या, तवा बांधावर विमल मना कडेवर घेऊन उभी असायची. मी चालायला शिकले ती तिचं बोट धरून. आता हे सांगायला तिकडचं कोनी उरलं नाय, मीच.

मनस्वी : आजी, गेली तीन वर्षं पहिला हात तू लावतेस.

सगुणा : लावते.

मनस्वी : मग ती कधी काही बोलली का नाही?

सगुणा : ती नारळ धरून उभी असायची माज्या बाजूला. मना खाली वाकायला जमत नाय म्हनून.