बारा पुडे मीठ

आता तुम्हीच सांगा, मिठात वाईट काय आहे? मीठ काही खराब होत नाही. पण बाबा सकाळपासून त्या बारा पुड्यांकडे असे बघतायत, जसे मी घरात बारा पाहुणे आणून बसवलेत.

तुम्हाला सांगतो, चूक माझी नाहीच, चूक ताईची आहे, आणि ताईला बोलायची सोय नाही, कारण ताई गेली. वीस दिवस झाले. ताप आला, तो अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, चौथ्या दिवशी परत आणली... ती तशी. घर चालवणारी बाई, कपाटात काय आहे, काय नाही हे कुणाला न सांगता निघून जाते, याला काय म्हणायचं?

शेजारच्या काकूंनी दोन आठवडे डबा दिला, मग त्या तरी किती देणार, मग आम्ही पावावर दिवस काढले, आणि काल मी कपाट उघडलं. तर प्रत्येक डब्यात तळाशी दोन बोटं. तांदूळ दोन बोटं, डाळ दोन बोटं, साखर तर मुंगीही लाजून परत जाईल इतकी. म्हटलं, मेलो. मी सुतारकामाच्या कारखान्यात फळ्या घासतो, आठवड्याची मजुरी तेवढी खिशात, ती घेऊन पळत सुटलो दुकानात.

आणि तिथे ताई आठवली. ती म्हणायची, "गाढवा, पैसे कमी असले की टिकणारं आधी घ्यायचं." मी डोकं लावलं. चौथीत शाळा सोडली म्हणून काय झालं, डोकं आहे. पिठात किडे होतात, तेल खवट होतं, कांदा सडतो. मग टिकतं काय? मीठ काही खराब होत नाही. त्यात दुकानदार म्हणतो, "दहा घेतलेस तर दोन वर देतो." मग काय, घेतलं. उरलेल्या पैशांत धुण्याचा सोडा घेतला, तोही टिकतो. दुकानदार म्हणाला, "घरी काही कार्य आहे का रे?" म्हटलं, "नाही, काटकसर."

ताई गेल्यापासून बाबा एक शब्द बोलले नव्हते. मी पिशवी उपडी केली आणि वीस दिवसांतलं पहिलं वाक्य बाहेर पडलं, "तांदूळ कुठाय?"

म्हटलं, "बाबा, मीठ काही खराब होत नाही."

"ते लावू कशाला, तुला?"

बोलले तर बोलले, असं बोलले.

मग बारा पुड्यांना जागा करायची म्हणून मी सगळे डबे बाहेर काढले, तर कपाटाची मागची फळी हलली. इतर कशातलं नाही, पण फळीतलं मला कळतं. ही ठोकलेली नव्हती, नुसती टेकवलेली होती. काढली. मागे पिशव्या. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, अख्ख्या महिन्याचं. म्हणजे ही बाई डब्यात दोनच बोटं ठेवायची आणि म्हणायची, "संपत आलंय, जपून खा," आणि आम्ही दोघं बैल तिच्यावर ओरडायचो, "तुझं कायम संपतच कसं आलेलं असतं गं?" असं असतं. आता कळलं.

तांदळाच्या पिशवीला तिच्या हाताची गाठ. दुहेरी, घट्ट. बाबा म्हणाले, "काप." म्हटलं, नाही. तासभर बसलो, नखांनी, दातांनी... आत तिची मापाची वाटी. रोजच्यासारख्या तीन वाट्या काढल्या.

बाबा म्हणाले, "दोन."

मी तिसरी तशीच हातात धरून बसलो. बाबांनी माझ्या हातातून घेतली, परत पिशवीत ओतली आणि बोटांवर हिशोब करत राहिले. म्हणाले, "तिघांचं तीस दिवसांचं आहे. दोघांना पंचेचाळीस जाईल."

म्हणजे बघा, जन्मात एक पैसा न वाचवलेल्या माझ्या हातून पंधरा दिवसांचं खाणं वाचलं. घरातलं फक्त एक माणूस कमी करावं लागलं.