बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

हॅलो? … हो, बोल धाकट्या, पण पटकन बोल. सभागृहाच्या दारात उभी आहे, आता माझं नाव पुकारतील… काय झालं बाबांना?

ताप? कसला ताप? … पायाची जखम? अरे, ती बरी झाली म्हणालास ना तू! … मोठ्याने बोल, इथे गलका आहे… चिघळली? पू येतोय?

थांब, थांब. डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या संपवल्या ना? … तिसऱ्या दिवशी बंद केल्या? का? … बरं वाटलं म्हणून! वा! आणि तुम्ही नवरा-बायको काय झोपा काढत होतात?

उरलेल्या कुठे आहेत? … नको, सांगूच नकोस. बिस्किटांच्या डब्यात. बटणं आणि चष्म्याच्या तुटक्या काड्यांच्या शेजारी!

अरे, माझं अर्धं आयुष्य ह्या औषधांच्या मागे गेलं! अँटिबायोटिक प्रयोगशाळेतून घराघरांत कशी पोचली, लोकांनी ती कशी खाल्ली, अर्धी का ठेवून दिली… परक्यांच्या स्वयंपाकघरांत बसून विचारत फिरले मी. आत्ता ह्या लोकांना तेच सांगणार आहे. आणि माझ्याच बापाच्या उशाशी… हसतोस काय? दात काढू नकोस!

काय? मी? मी कधी? … ते घशाचं होतं! अरे, दुसऱ्या दिवशी व्याख्यान होतं, दुकानं बंद झाली होती… हो, डब्यातूनच घेतल्या. दोन… बरं, तीन! मोजत बसला होतास का?

मग? त्याचा इथे काय संबंध?

… काय म्हणाले बाबा? … पुन्हा सांग.

‘ताईला लागतील’ म्हणून ठेवल्या?

माझा घसा बसेल म्हणून ह्यांनी स्वतःचा पाय सडवला? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची? दे, फोन दे त्यांना. … झोपले असले तर उठव!

बाबा? … हो, मीच. ओरडतेय, हो. ओरडणारच! … जेवले. विषय बदलू नका. दवाखान्यात का जात नाही? … डब्यात आहेत म्हणून? त्यातली एकही आता गिळायची नाही! डॉक्टर पाय बघतील, ते देतील तेच घ्यायचं. आणि डबा बरोबर न्यायचा, त्यांच्यासमोर उपडा करायचा… का नाही? पाय जाईल बाबा, कळतंय का?

… हो, आईने सांगितलंय. लहानपणी माझी छाती भरली होती आणि गावात औषध मिळालं नव्हतं… सायकलवरून शोधत फिरलात? रात्रभर? … आणि शेवटी कुणाकडे मिळालं? … त्या घरच्यांनी स्वतःच्या मुलासाठी ठेवलेल्यातलं दिलं?

… हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

… नाही. मी विचारलंच नाही. जगाला विचारलं.

… हो मॅडम, आलेच. म्हणावं थांबा जरा. … तुम्हाला नाही बाबा, तुम्ही अजिबात थांबायचं नाही! धाकटा गाडी काढेल, तुम्ही चपला घाला. डबा घेतलात? हलवा बरं, मला ऐकू दे.

… अरे देवा. किती भरलाय हो तो! ह्या वयात सगळ्यांसाठी साठवत बसलात… आणि स्वतःसाठी काय?

… नाही. नाही बाबा. काही झालेलं नाही माझ्या घशाला. … अहो, बसलेला नाही, असाच येतोय आवाज… खबरदार! माझ्यासाठी एकसुद्धा बाजूला काढायची नाही!

निघा. … आधी तुम्ही निघा, मग मी आत जाते.