आमच्या गल्लीतला लाल ठिपका

— नाही गं पोरी, घर चुकलीस तू. ते एकटं राहणारं म्हातारं माणूस इथलं नव्हे, इथं मी राहते. अर्डेला प्रुइट. मी समितीत आहे — तुमचं विद्यापीठ आणि आमची वस्ती मिळून ती समिती झाली ना, तिच्यात. तुझ्या गळ्यातलं ते ओळखपत्र आहे ना, त्याचा पिवळा रंग माझीच निवड. असला भयाण रंग दुसऱ्या कुणाला सुचला असता? बस, बस इथं पायरीवर. त्याचं काय झालं — गेल्या जुलैत मिलवॉकीत तो उकाडा झाला, त्यात मागच्या गल्लीतले ओडेल ग्रीर घरातच गेले बिचारे, आणि वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता नाही. मग मीच चर्चच्या तळघरात तुमच्या प्राध्यापकांसमोर टेबल आपटलं — रिकाम्या घरांची माहिती काढता, रस्त्यावरचे बंद दिवे शोधता, मग एकटी माणसं कुठं आहेत ते का नाही शोधत? शोधू म्हणाले. पोरं दारोदार फिरली — तुमच्याकडे कोण येतं, फोन कोण करतं, गाडी आहे का. मी सगळ्यांना दम भरला, खरं सांगा, लाजू नका. आणि नावं कुणाला कळू द्यायची नाहीत, हा नियमही माझाच. नकाशावर नुसता ठिपका, माणूस जितकं एकटं तितका लाल. केवढी माझी अक्कल, बघ.

कारण नकाशा आला, तर ठिपका आमच्याच गल्लीत. लाल. सगळ्यांत लाल. मला इतकं वाईट वाटलं गं — माझ्या नाकाखाली कुणी असं राहतं आणि मला खबर नाही? मी म्हणजे गल्लीची कोतवाल! मग केक भाजला आणि निघाले शोधायला. मिसेस झेलाझ्नी? तिच्याकडे चौघी पत्ते कुटत बसलेल्या — मला बघून म्हणाल्या, पाचवी झालीस तर डाव कसा बसायचा. कोपऱ्यावरचा हॉलिस? त्याची लेक आलेली, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कुठंही जा, कुणी ना कुणी होतंच. शेवटी केक मीच संपवला, अख्खा. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. हसतेस काय — हस, हस, मलाही हसू येतं.

फोनमध्ये काय बघतेस सारखं? हेच घर? नीट बघ, ती यंत्रं चुकतात. मला एकटी कशी म्हणतील? बुधवारी समितीची बैठक असते — म्हणजे असायची, मार्चमध्ये अनुदान संपलं. रविवारी चर्च — हल्ली गुडघ्यामुळे रेडिओवरच ऐकते. मुलगा आहे की, फिनिक्सला. फोन करतो ना. मदर्स डेला करतो — यंदा विसरला, कामं असतात त्यांना. आणि पोस्टमन आहे, त्याच्याशी बोलते मी रोज. तो मात्र अलीकडे कानात काहीतरी खुपसूनच येतो… 

दाखव इकडे. हं. तो ठिपका मीच आहे की. सगळ्यांना खरं सांगा म्हणाले होते, तेव्हा मीही खरंच सांगितलं असणार. काय बाई म्हणावं मला.

बरं, मग आता काय — उन्हाळाभर रोज सकाळी तुमच्या विद्यापीठातून फोन येणार? आणि नाही उचलला तर कुणीतरी दार ठोठावणार? ओडेलचं दार कुणी ठोठावलं असतं तर… लिही माझं नाव. लाज वाटते, पण लिही. मला तसं मरायचं नाही गं. आणि फोन करणाऱ्यांना सांगून ठेव, मी पहिल्या रिंगला उचलणार नाही. वाजू दे चार-पाच वेळा. ही बाई फोनपाशीच बसून होती असं कुणाला वाटायला नको. — जा आता, ऊन चढतंय. जा म्हणते ना.