दाराएवढे स्पीकर

तुमच्या त्या खोकेवाल्या स्पीकरचं कौतुक मला सांगू नका. ऐंशीच्या सुमारास पुलगावला आमच्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी दोन चपटे स्पीकर घेतले. दाराएवढे उंच, आणि वर नुसतं पातळ कापड. आवाज पुढून-मागून दोन्हीकडून निघतो, म्हणून भिंतीला टेकवायचे नाहीत. त्यामुळे ते बैठकीच्या मधोमध उभे. आई म्हणे, "एक तं हे ठेवा, नाई तं माणसं ठेवा."

त्यातच ताईला पाहायला सिंदीची मंडळी आली. मुलाच्या आईला आणि मावशीला वाटलं, बायकांसाठी आडोसा केलाय. दोघी चहा घेऊन सरळ स्पीकरमागे जाऊन बसल्या. मावशी निवांतपणे म्हणाली, "पोरगी लाखात एक हाये बाई. पण बाप अर्धा पागल दिसते. घराच्या मधात दरवाजे उभे करून ठेवले."

इकडे शब्द न् शब्द ऐकू आला. ताई पोह्यांची बशी धरून तशीच उभी राहिली, आईने डोळे मिटले. बाबा मात्र खुशीत मुलाकडे वळले.

"पाहा जावईबापू, एकेक अक्षर कसं साफ येऊन राह्यलं. अन् अजून वायर जोडलीच नाई."